लेंड्यांची जागा

छठ उरकली की टाल उघडा पडतो.
टाल म्हणजे चार महिने दर्या आणि बाकीचे शेत.
पाणी गंगेकडे परततं, मागे काळी माती राहते,
पाय धरून ठेवणारी.
नांगर लागत नाही. मुठीने मसूर फेकायची
आणि कापणीपर्यंत जागायचं.

मी फुलेसरी. सोळा हिवाळे मचाणावर.
हाताशी डालड्याचा डबा, दांडकं,
आणि एक बॅटरी, जिला दोन थापडा दिल्याशिवाय
उजेड सुचत नाही.

तो यायचा तिसऱ्या प्रहरी.
आधी एका जागी धुकं दाट व्हायचं,
मग त्या दाटीला पाय फुटायचे,
खुरांच्या वर पांढरे पट्टे,
कुणी चुन्याचं बोट फिरवल्यासारखे.
डावा कान चिरलेला. गळ्याशी केसांचा झुबका.
एवढा थोरला देह
आणि एका शब्दाचाही खर्च नाही.

पहिल्या वर्षी डबा बडवला की पळायचा.
दुसऱ्या वर्षी जरा थांबून पळायचा.
पुढे पुढे मान वर करून
डबा पुरता ऐकून घ्यायचा
आणि पुन्हा मसुरीत तोंड,
घरातली माणसं एकमेकांची
तीच ती तक्रार ऐकतात, तसा.

बटोरन मास्तर म्हणायचे, नीलगाय. गाय आहे ती.
आमच्या टोल्यात म्हणतात घोडपरास.
चौकात गायीला हात जोडायचे,
रात्री त्याच हातांनी घोड्याला ढेकळं मारायची.
वरून कागद आला, त्यात घोडपरासच लिहिलं होतं.
कुठल्या नावाला गोळी लागते
हे कागदाला बरोबर ठाऊक.

गोळीवाला जीपमधून उतरला.
मला वाटलं होतं, मिशा असतील.
चष्मा होता, मफलर होता, एका गुडघ्याला पट्टा.
उभ्याउभ्या पाणी प्यायला, तांब्या पुसून परत दिला.
"काकी, तो उभा कुठे राहतो?"

राहतो.
खचलेल्या बांधाच्या पलीकडे, एकट्या बाभळीखाली.
रोज तिथेच लेंड्या टाकतो, दुसरीकडे नाही.
ढीग माझ्या घोट्याच्या वर गेलेला.
टोल्यात कुणालाच माहीत नव्हतं.
मी सांगितलं नव्हतं कधी.
का, ते मला विचारू नका.

त्या साली अर्धी मसूर त्याच्या पोटात गेली होती.
उरलेली बघत मी तिथे उभी होते.
मी बोट केलं.
त्याच्यासारखंच,
एका शब्दाचाही खर्च न करता.

गोळीचा आवाज डब्यापेक्षा लहान निघाला.
त्याने आधी पुढचे गुडघे टेकले.
दुसऱ्या नराशी झुंजताना टेकतात, तसेच.
मी वाट बघत राहिले,
आता मान लावेल, आता रेटेल.
समोर कुणीच नव्हतं रेटायला.

पंचनाम्यावर माझा अंगठा आहे.
खड्डा जेसीबीने खणला. मीठ सरकारी होतं,
पण कमी पडलं. माझ्या घरातून दोन पुडे दिले.
त्याचे पैसे अजून यायचेत.

मग पाणी आलं, गेलं. ढीगही गेला.
बाभळीखाली मी काही फेकलं नव्हतं
तरी मसूर उगवली, गच्च, खरबरीत,
त्याच्या पोटातून आलेली की पुरातून, देव जाणे.
कापली नाही मी ती.

पौषात एक पोरगा आला. अजून तांबूसच,
अंगावर निळं चढायचंय.
इतका टाल मोकळा पडलेला,
पण हुंगत हुंगत नेमका तिथेच गेला,
पाय फाकवून उभा राहिला
आणि माझ्याकडे बघत पहिल्या चार लेंड्या टाकल्या.

डबा वाजवते मी. वाजवणारच.
पेरलंय ते माझं आहे.

पण यंदा जीप आली
तर सांगणार आहे, बाबा, मला दिसत नाही.
मोतीबिंदू आहेच खरा.
एका डोळ्यात.